माल्टच्या जवाचा करार करण्यापूर्वी : खानदेशातील शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या संचालकांना खुले पत्र

प्रति,
सर्व संचालक मंडळे,
शेतकरी उत्पादक कंपन्या,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्हे

ऑक्टोबर २०२५

स. न. वि. वि.

दसरा होऊन गेला. कापसाची पहिली वेचणी काहींच्या घरात आली, काहींची सप्टेंबरच्या अतिवृष्टीत बोंडातच काळी पडली, आणि आता रब्बीत काय पेरायचे याची बोलणी घराघरांत सुरू आहेत. नेमक्या याच दिवसांत आपल्यापैकी काही कंपन्यांकडे माल्टच्या जवाच्या करार शेतीचा प्रस्ताव आला आहे. तो आमच्या कंपनीकडेही आला आहे. प्रस्तावातला युक्तिवाद ऐकायला सरळ वाटतो. देशात बीअरचा खप वाढतो आहे, बीअरला माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य, लागतो, माल्टला जव लागतो, जवाला पाणी कमी लागते, म्हणून खानदेशाने जव पेरावा. यातले प्रत्येक विधान सुटे घेतले तर खरे आहे. त्यांची साखळी जोडून काढलेला निष्कर्ष मात्र खरा नाही, आणि त्यावर विसंबून आपण सभासदांच्या सह्या घेतल्या तर नुकसान शेवटी कोणाच्या खळ्यावर येऊन थांबते, हे मी स्वतः भोगलेले आहे. म्हणून हे पत्र.

मी अमळनेर तालुक्यातला शेतकरी आणि एका उत्पादक कंपनीचा सभासद आहे. २०२१-२२ आणि २०२२-२३ या दोन रब्बी हंगामांत मी करारावर जव पेरला. पहिल्या वर्षी दोन एकर, दुसऱ्या वर्षी चार एकर. आमच्या भागात जव म्हणजे घटस्थापनेला, हवनाला आणि श्राद्धाला लागणारे पसाभर धान्य. त्यामुळे शेताजवळून जाणारा प्रत्येक जण बांधावर थांबून विचारायचा, "दादा, हाऊ गहू से का?" पीक दिसायला देखणे होते. गव्हाला मी पाच पाणी देतो, जव तीन पाण्यांत तयार झाला. पहिल्या वर्षी दोन एकरांत तेवीस क्विंटल उतारा मिळाला आणि ठरल्याप्रमाणे क्विंटलला १,८०० रुपये हाती आले. त्या हंगामाचा जवाचा हमीभाव १,६३५ रुपये होता, म्हणजे कागदावर मी फायद्यातच होतो.

पण २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर हल्ला केला. हे दोन्ही देश जवाचे मोठे निर्यातदार आहेत. माझी कापणी होईपर्यंत राजस्थानच्या मंड्यांत जवाने तीन हजारांचा टप्पा ओलांडला होता. आमच्या करारात दर बांधलेला होता आणि बाजार वर गेल्यास त्यातला काही वाटा शेतकऱ्याला मिळेल असे एकही कलम नव्हते. काही सभासदांनी माल बाहेर विकला. मी दिलेल्या शब्दाप्रमाणे करारावरच घातला, आणि त्याचे मला आजही वाईट वाटत नाही. एक गोष्ट मात्र मी तेव्हा लक्षात घ्यायला हवी होती. त्या वर्षी माझ्या मालाची प्रथिने किती, दाणा किती जाड, हे मला कोणी सांगितले नाही, कारण कोणी विचारलेच नव्हते. पोती भरली, काटा झाला, गाडी निघाली.

दुसऱ्या वर्षी करारातला दर २,३०० रुपये झाला आणि त्याच्याखाली "गुणवत्तेच्या अधीन राहून" एवढे तीन शब्द आले. ते वाचून मी पुढे गेलो. थांबायला हवे होते. फेब्रुवारी २०२३ हा सरासरी कमाल तापमान पाहता देशात १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला, आणि नेमक्या त्या पंधरवड्यात माझा जव दाणा भरत होता. मार्चमध्ये अवकाळी पाऊस झाला. मळणीच्या दिवशी आलेल्या माणसाने पोत्यांत टोकदार नळी खुपसून सात-आठ ठिकाणचे दाणे काढले, एका पिशवीत एकत्र केले आणि पिशवी घेऊन गेला. दुसरी पिशवी माझ्याकडे ठेवली नाही. पोती ओसरीत थप्पी लावून होती, घरातली माणसे त्यांना वळसा घालून ये-जा करत होती, आणि नवव्या दिवशी फोनवर एका ओळीचा निरोप आला : प्रथिने १३.२ टक्के, बारीक दाणा मर्यादेपेक्षा जास्त, माल नाकारला. तोवर मंडीतला जवाचा भावही बराच उतरला होता. अडतीस क्विंटल जव मी पशुखाद्याच्या व्यापाऱ्याला १,५५० रुपयांनी दिला. हमाली, तोलाई आणि घट जाऊन जे उरले त्यात पेरणी आणि मळणीचाच खर्च निघाला. मी कोणाच्या हेतूवर बोट ठेवत नाही, कारण अहवालातला आकडा बहुधा खराच असेल. परंतु बाजार चढा असताना ज्या दाण्याची कोणी तपासणी केली नाही, त्याच दाण्याला बाजार पडल्यावर चाळणी लागली, हा अनुभव आपल्या सर्वांच्या समोर राहावा असे मला वाटते.

तो आकडा खरा असण्याचे कारण समजून घेणे आवश्यक आहे, कारण ते आपल्या जमिनीत आणि हवामानात आहे. माल्ट करणे म्हणजे आपल्या घरी नाचणीचे सत्त्व करतात तसेच काम मोठ्या प्रमाणावर करणे. जव सुमारे दोन दिवस भिजवतात, त्याला चार-पाच दिवस मोड आणतात आणि मग भट्टीत वाळवून ती वाढ थांबवतात. मोड येताना दाण्यात जी विकरे तयार होतात, तीच पुढे पिठूळ भागाची साखर करतात आणि त्या साखरेची बीअर होते. म्हणून दाणा जिवंत हवा, शंभरातल्या किमान पंचाण्णव दाण्यांना मोड यायला हवा, आणि त्यात पिठूळ भाग जास्त व प्रथिने कमी, साधारण ९ ते ११.५ टक्क्यांच्या दरम्यान, हवीत. दाणा भरताना ऊन वाढले की पिठूळ भाग भरायचा राहतो, दाणा बारीक पडतो आणि प्रथिनांचे प्रमाण आपोआप वर जाते. जमिनीत नत्र जास्त असले तरी तेच होते. आता आपली परिस्थिती पाहा. आपली थंडी आखूड, फेब्रुवारीच्या उत्तरार्धात दुपारी ऊन टोचू लागते, आणि आपले बागायती वावर म्हणजे आदल्या पिकाला, विशेषतः केळीला, भरपूर खत दिलेले वावर. ज्या जमिनीचा आपल्याला अभिमान आहे तीच माल्टच्या जवाला चालत नाही. शिवाय पत्र्याच्या गोदामात एप्रिल-मेची उष्णता सोसलेला जव मोड येण्याची शक्ती गमावू शकतो. प्रस्ताव घेऊन आलेल्या मंडळींनी आमच्या बैठकीत यातला एकही मुद्दा काढला नाही. त्यांनी बीअरच्या खपाचा आलेख दाखवला.

त्या आलेखाविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. भारतात माणशी बीअरचा खप वर्षाला दोन लिटरच्या आसपास आहे, जगाच्या सरासरीच्या कितीतरी खाली, आणि तो वाढण्याला वाव आहे हे मान्य. जगात मात्र वारे उलट आहे. जर्मनीत २०२५ च्या पहिल्या सहा महिन्यांत बीअरची विक्री ६.३ टक्क्यांनी घटून ३.९ अब्ज लिटरवर आली. १९९३ पासून ही आकडेवारी ठेवली जाते, त्यात सहामाहीचा आकडा पहिल्यांदाच चार अब्जांच्या खाली गेला. अमेरिकेत गॅलप या संस्थेच्या ऑगस्ट २०२५ च्या पाहणीत दारू पितो असे सांगणारे प्रौढ ५४ टक्क्यांवर आले, हा तिथल्या जवळपास नव्वद वर्षांच्या पाहणीतला नीचांक आहे. चीनचे बीअर उत्पादन २०१३ च्या उच्चांकानंतर पुन्हा तिथवर पोहोचलेले नाही. याचा परिणाम थेट शेतावर झाला. अमेरिकेतल्या मोठ्या बीअर कंपन्यांनी जवाचे करार कमी केले आणि २०२५ मध्ये तिथला जवाचा पेरा नोंदी सुरू झाल्यापासूनच्या तळाला गेला. ज्या शेतकऱ्यांच्या तीन-तीन पिढ्या माल्टचा जव पेरत आल्या, ज्यांच्या गावात कंपनीची स्वतःची गोदामे आहेत, त्यांचे करार एका पत्राने आक्रसले. मग आपल्यासारख्या नवख्यांना पाच वर्षांची खात्री तोंडी देणारा माणूस ती कशाच्या आधारावर देतो?

जगात माल्ट उरला की तो बाजार शोधत फिरतो. मे २०२० मध्ये चीनने ऑस्ट्रेलियाच्या जवावर ८०.५ टक्के कर लावला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तो काढला. मधली तीन वर्षे त्या जवाला दुसरी गिऱ्हाइके शोधावी लागली. असा माल आपल्या देशात किती येईल हे आयात शुल्क ठरवते, आणि आयात शुल्क किती दिवस टिकते हे या वर्षी कापसाच्या शेतकऱ्याइतके कोणाला ठाऊक असेल? १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरचे ११ टक्के शुल्क काढले गेले, तेव्हा आपला कापूस अजून झाडावर होता.

देशांतर्गत खप तरी सरळ वाढतो का, तर तसेही नाही. बीअर वस्तू व सेवा कराच्या बाहेर आहे. तिची किंमत प्रत्येक राज्य आपल्या उत्पादन शुल्काने ठरवते. महाराष्ट्रात शुल्क वाढल्यावर बीअरची विक्री आणि महसूल दोन्ही घटल्याचे दिसले, म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्य सरकारला त्याच्या अभ्यासासाठी समिती नेमावी लागली. जून २०२५ मध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचे शुल्क उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट झाले, त्यातून बीअर आणि वाइन वगळली गेली. म्हणजे आज बीअरला दिलासा आहे, पुढच्या अर्थसंकल्पात असेल की नाही हे मंत्रालयातले एक टेबल ठरवणार. कर्नाटकाने बीअरवरचे शुल्क लागोपाठ वाढवले. तेलंगणात जानेवारी २०२५ मध्ये देशातल्या सर्वांत मोठ्या बीअर कंपनीने सरकारी महामंडळाकडची थकबाकी आणि न वाढलेला दर या कारणांवरून काही काळ पुरवठाच थांबवला. आपले नवापूर ओलांडले की गुजरात, आणि तिथे दारूबंदी. वर उन्हाळ्याचा प्रश्न आहेच. बीअरच्या विक्रीचे खरे दिवस मार्च ते जून हे आहेत, आणि यंदा मे महिन्यातच पाऊस आला. इथे एक बारकावा आहे, जो मला दोन वर्षांनी कळला. माल्टवाला वर्षभराचा जव मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे उन्हाळ्यातली विक्री कशी होणार हे कळण्याच्या आधी, खरेदी करतो. उन्हाळा पावसात गेला की गोदामात माल्ट उरतो, आणि त्याची शिक्षा त्या वर्षीच्या जवाला न होता पुढच्या वर्षी करार करणाऱ्या शेतकऱ्याला होते.

आणखी एक गोष्ट अशी की, बीअरचा खप वाढला म्हणून जवाची मागणी त्याच प्रमाणात वाढत नाही. आपल्या देशात विकली जाणारी बहुतांश बीअर 'स्ट्राँग' प्रकारची आहे, आणि तिच्यात माल्टाबरोबर तांदळाची कणी, मका किंवा साखरही वापरतात. जव महागला की कृतीत माल्ट कमी आणि कणी जास्त करता येते. महागड्या, निव्वळ माल्टच्या बीअरचा वाटा वाढतो आहे आणि भारतीय सिंगल माल्ट व्हिस्कीचे नाव झाले आहे, त्यातून चांगल्या जवाची मागणी वाढेल हे मी नाकारत नाही. परंतु ती मागणी हरियाणा आणि राजस्थानच्या शेतकऱ्याच्या दारात आधी पोहोचते. देशातला निम्म्याहून अधिक जव राजस्थानात पिकतो आणि माल्टचे मोठे कारखानेही त्याच पट्ट्यात आहेत.

आमच्या बैठकीत एक संचालक म्हणाले की, वाळूजला बीअरचे इतके कारखाने आहेत, चाळीसगावहून कन्नडचा घाट चढला की माल पोहोचला. हा गैरसमज मुळातून दूर व्हायला हवा. बीअरचा कारखाना जव विकत घेत नाही. तो माल्ट घेतो. आपला जव गुरुग्रामकडे हजार किलोमीटरहून अधिक जाणार, तिथे त्याचा माल्ट होणार आणि तो माल्ट पुन्हा वाळूजला येणार. मला त्या वर्षी वाहतुकीचा सांगितलेला दर क्विंटलला २४० रुपये होता, आणि नाकारलेला माल परत आणायचा तर तेवढेच पुन्हा. वाळूजच्या नळाला पाणी किती मिळेल हाही प्रश्न आहे. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तिथल्या मद्य कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करायला लावली होती, हे अनेकांना आठवत असेल.

आता हिशेब मांडतो. या हंगामासाठी जाहीर झालेला हमीभाव जवाला २,१५० रुपये, गव्हाला २,५८५ रुपये आणि हरभऱ्याला ५,८७५ रुपये आहे. माझ्या जमिनीत जव एकरी अकरा क्विंटल, गहू पंधरा क्विंटल आणि हरभरा सात क्विंटल धरला, तर जवाचे २३,६५०, गव्हाचे ३८,७७५ आणि हरभऱ्याचे ४१,१२५ रुपये होतात. जवाला दोन पाणी आणि युरिया कमी लागतो, त्याचे मजुरीसह एकरी पाच हजार वाचतात असे उदारपणे धरले, तरी गव्हाची बरोबरी करण्यासाठी जवाला ३,०७० रुपये भाव मिळायला हवा. प्रस्तावातला दर २,४०० रुपये आहे. हरभऱ्याला जवापेक्षाही कमी पाणी लागते, तो जमिनीत नत्र ठेवून जातो आणि अमळनेरच्या बाजारात त्याला रोज गिऱ्हाईक आहे. जवाच्या हमीभावाचे तर असे आहे की त्या भावाने सरकारी खरेदी जवळपास होतच नाही, आणि आपल्या तिन्ही जिल्ह्यांत जव घेऊन कोणत्या केंद्रावर जायचे हे कोणी सांगू शकणार नाही.

दुसऱ्या बाजूने पाहू. साडेसहाशे मिलिलिटरच्या एका बाटलीला साधारण ऐंशी ते शंभर ग्रॅम माल्ट लागतो आणि तेवढ्या माल्टला शंभर ते सव्वाशे ग्रॅम जव. म्हणजे दीड-दोनशे रुपयांच्या बाटलीत जवाचे अडीच-तीन रुपये आहेत. माझ्या एका एकराच्या जवातून नऊ-दहा हजार बाटल्या भरत असतील. शेतकऱ्याला किलोमागे सहा-सात रुपये जास्त दिले तर बाटलीमागे रुपयाच्या आतच वाढ होते. म्हणून "आम्हाला परवडत नाही" हे उत्तर संचालकांनी बैठकीत स्वीकारू नये. बीअर कंपनीला परवडते, प्रश्न फक्त एवढा आहे की इतर कोणी स्वस्त देत असताना तिने आपल्याला का द्यावे, आणि त्याचे उत्तर आपल्याकडे आज नाही.

करार शेतीला माझा विरोध आहे असे कृपया समजू नये. जळगावात जैन इरिगेशनने निर्जलीकरणासाठी पांढऱ्या कांद्याची करार शेती दोन दशकांहून अधिक काळ चालवली आहे, आणि ती टिकण्याचे कारण आपल्या डोळ्यांसमोर आहे. कारखाना याच जिल्ह्यात आहे, काटा शेतकऱ्याला दिसतो, किमान दराची हमी असते आणि बाजार वर गेला तर दर बाजाराशी जोडलेला असतो. मक्याचेही तसेच. इथेनॉल, दोंडाईचाचा स्टार्च कारखाना, नवापूरकडचे कोंबडीपालन, अशी तीन वेगवेगळी गिऱ्हाइके असल्याने एकाने पाठ फिरवली तरी दुसरा उभा असतो. माल्टच्या जवाला एकच गिऱ्हाईक, तेही हजार किलोमीटरवर. केळीचा भाव बऱ्हाणपूरला निघतो आणि घड रावेरला कापला जातो, याचा त्रास आपण वर्षानुवर्षे सोसतो आहोत. तरी बऱ्हाणपूर निदान तासाभराच्या अंतरावर आहे.

हे पीक दारूसाठी म्हणून पेरू नये, असेही काही सभासदांचे म्हणणे आहे, विशेषतः ज्या गावांत बायकांनी मतदान घेऊन दुकान बंद केले तिथे. त्या भावनेचा मी आदर करतो. परंतु ऊस आणि मका यांनाही तोच प्रश्न विचारावा लागेल, म्हणून या पत्रात मी तो वाद वाढवत नाही.

मग जव पेरूच नये का? माझे मत असे आहे की त्याला जागा आहे, पण ती आपली उत्तम जमीन नाही. जव क्षार सोसतो, गहू आणि हरभरा तितका सोसत नाहीत. कालव्याच्या पाण्याने चोपण झालेले तुकडे, मुक्ताईनगरकडे पूर्णेच्या काठची खारट पाण्याची वावरे, जिथे हरभरा पिवळा पडून बसतो, तिथे जव तग धरून दाणा देतो. तो दाणा माल्टला उतरेल की नाही हे मी सांगू शकत नाही. शेळ्या, म्हशी आणि घरच्या चक्कीसाठी नक्की उतरतो. हल्ली शहरांत मधुमेहाचे लोक गव्हात जव मिसळून पीठ दळून नेतात. आपल्या कंपन्यांनी एक-एक किलोच्या पिशव्यांत जवाचे पीठ भरून जळगाव-नाशिकला विकले तर किलोला जो भाव मिळेल तो कोणत्याही माल्टवाल्याच्या दरापेक्षा वर असेल. मागणी थोडी आहे, पण ती आपल्या हातातली आहे.

म्हणून संचालक मंडळांना माझी आग्रहाची विनंती अशी की या वर्षी कोणत्याही कंपनीने सभासदांच्या मोठ्या क्षेत्राचा करार करू नये. पाल, ममुराबाद, धुळे आणि नंदुरबार येथील कृषी विज्ञान केंद्रांना आणि धुळ्याच्या कृषी महाविद्यालयाला लेखी विनंती करून कर्नालच्या गहू व जव संशोधन संस्थेचे माल्टचे वाण तीन हिवाळे आपल्या वेगवेगळ्या जमिनींत पेरून पाहावेत, लवकर आणि उशिरा अशा दोन तारखांना, आणि प्रत्येक ठिकाणची प्रथिने व दाण्याची जाडी मोजून जाहीर करावी. त्या तीन वर्षांत एखादा फेब्रुवारी २०२३ सारखा निघाला तर फारच चांगले, कारण आपल्याला त्याचीच परीक्षा घ्यायची आहे.

आणि तरीही कोणी करार करणारच असेल, तर निदान हे पाहावे. नमुना काढताना तीन पिशव्या भरल्या जाव्यात, तिन्हींवर दोघांच्या सह्या असाव्यात, आणि तिसरी पिशवी कृषी विज्ञान केंद्राकडे सीलबंद राहावी. वाद झाला तर तिचा अहवाल दोघांनी मान्य करावा. प्रथिने ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाली तर माल नाकारण्याऐवजी प्रत्येक अर्ध्या टक्क्याला किती कपात, याचा तक्ता करारातच असावा. नमुना नेल्यापासून किती दिवसांत उत्तर येईल हे लिहिलेले असावे, आणि त्या मुदतीत उत्तर आले नाही तर माल स्वीकारला असे धरावे. दराला तळ असावा आणि बाजार वर गेला तर निम्मा फरक शेतकऱ्याला मिळावा. वाहतूक खरेदीदाराची असावी. केंद्राचा २०२० चा करार शेतीचा कायदा पुढच्याच वर्षी मागे घेतला गेला, त्यामुळे वाद झाल्यावर कोणत्या दाराशी जायचे हे आधीच ठरवून मसुद्यात लिहिलेले बरे. मसुदा मराठीत असावा आणि सहीच्या आठ दिवस आधी सभासदांच्या हाती पडावा. यातली एकही अट खरेदीदाराला जड नाही. ज्याला आपला जव खरोखर हवा आहे तो ती मान्य करील.

माझ्या दोन हंगामांच्या पावत्या, पाण्याच्या पाळ्यांची वही आणि तो एका ओळीचा निरोप मी जपून ठेवला आहे. ज्या संचालकांना पाहायचा असेल त्यांच्या कार्यालयात मी स्वतः घेऊन येईन. यंदा मीही जव पेरणार आहे : बोरीच्या अंगाला माझा एक चोपण तुकडा आहे, त्यातल्या दहा गुंठ्यांसाठी दहा किलो बियाणे बाजूला काढून ठेवले आहे, आणि युरिया देणार नाही. मार्चमध्ये त्याचा जो दाणा निघेल तो तपासून आकडे आपल्या सर्वांना कळवीन.

आपला,
अमळनेर तालुक्यातील एक सभासद शेतकरी